घराचा फीडर किती गेजचा घ्यायचा? ८३ टक्क्यांचा नियम लावण्याआधी काय बघायचं

फोर-ऑट (म्हणजे ४/० गेजचं; नंबर कमी तशी वायर जाड, आणि १च्या पुढे १/०, २/० अशी आणखी जाड) ॲल्युमिनियम २०० ॲम्पला चालतं, २ नंबर ॲल्युमिनियम १०० ॲम्पला चालतं. अमेरिकेतल्या घरांच्या वायरिंगचं काम शिकायला लागलं की ही दोन वाक्यं पहिल्याच आठवड्यात कानावर पडतात, मग तुम्ही तिकडे राहून प्रत्यक्ष केबल ओढत असा नाहीतर कंपनीत बसून तिकडच्या घरांची ड्रॉइंग करत असा. दोन्ही वाक्यं कोडमधल्या तक्त्यातूनच आली आहेत त्यामुळे चुकीची म्हणता येत नाहीत, पण तो तक्ता एका ठराविक वायरीसाठी आहे आणि ते कुणी सांगत नाही. मी पहिल्यांदा गॅरेजच्या सबपॅनलला (मुख्य पॅनलमधून पुढे जोडलेलं पॅनल) १००चा ब्रेकर आणि २ नंबर ॲल्युमिनियम लावलं तेव्हा इन्स्पेक्टरने एकच प्रश्न विचारला, या वायरीवर घराचा सगळा लोड आहे का? नव्हता. काम नापास झालं, केबल परत ओढावी लागली. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय, ज्या क्रमाने मी आता बघतो त्याच क्रमाने.

आधी कोड कुठला ते बघा. एनईसी म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचा ७० नंबरचा कोड, तो दर तीन वर्षांनी नवा निघतो, २०१४, २०१७, २०२०, २०२३ असा. पण नवा निघाला म्हणजे सगळीकडे लागू झाला असं नसतं, प्रत्येक राज्य आणि काही ठिकाणी शहर किंवा काउंटी आपापल्या वेळेने तो स्वीकारते आणि वर स्वतःचे बदलही करते. त्यामुळे परमिट काढायला जाल तेव्हाच विचारून घ्या की तुमच्याकडे कुठल्या वर्षाचा चालू आहे. आपल्या विषयात याने खूप फरक पडतो, कारण हा नियम सारखा जागा बदलत आलाय. २०११ पर्यंत घरांच्या सर्व्हिस आणि फीडरसाठी सरळ एक तक्ता होता, ३१०.१५(बी)(७) मध्ये. २०१४ला तो काढून त्या जागी ८३ टक्क्यांचं गणित आणलं आणि तक्ता मागे परिशिष्टात उदाहरण म्हणून गेला. २०२० मध्ये नियमाला ३१०.१२ हा स्वतःचा नंबर मिळाला आणि तक्ता परत मुख्य कोडमध्ये आला. एखादा जुना जाणकार ३१०.१५ म्हणतोय आणि तुमच्या पुस्तकात ते सापडत नाहीये असं झालं तर घाबरू नका, दोघं एकाच नियमाबद्दल बोलताय.

आता दुसरं काम, ही वायर आहे कोण ते ठरवा. वीज कंपनीकडून येऊन सर्व्हिस डिस्कनेक्टपर्यंत जाते ती सर्व्हिसची वायर. त्या डिस्कनेक्टच्या पुढे, शेवटच्या ब्रँच सर्किटच्या ब्रेकरपर्यंत जे काही आहे तो फीडर. ब्रेकरपासून दिव्याकडे प्लगकडे जातं ते ब्रँच सर्किट. वाचायला सोपं आहे पण जागेवर गोंधळ होतो, कारण २०२० पासून २३०.८५ प्रमाणे एक आणि दोन कुटुंबांच्या घरांना बाहेर इमर्जन्सी डिस्कनेक्ट लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी मीटरखालचा तो बाहेरचा ब्रेकर हाच सर्व्हिस डिस्कनेक्ट असतो. म्हणजे आतलं मोठं पॅनल, ज्याला घरातले सगळे मेन पॅनल म्हणतात, ते कोडच्या भाषेत सबपॅनल झालं आणि बाहेरून आत येणारी जाडजूड केबल फीडर झाली. तीन वायरींऐवजी चार लागतात, आतल्या पॅनलमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंड वेगळे ठेवावे लागतात, बाँडिंगचा स्क्रू (न्यूट्रल आणि पॅनलचा धातूचा डबा जोडणारा) लावायचा नाही. पॅनलला लोक काय म्हणतात त्यावर जाऊ नका, त्याच्या आधी डिस्कनेक्ट कुठे आहे ते बघा.

तिसरं म्हणजे लोडचा हिशोब. हा टाळून सरळ तक्त्याकडे पळायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही व्हायचा. पण वायरीने आधी हिशोबातला लोड पेलला पाहिजे, ब्रेकर आणि तक्ता नंतर येतात. घरासाठी २२०.८२ मधली ऑप्शनल पद्धत सोपी आहे, फीडर किंवा सर्व्हिस १०० ॲम्प किंवा जास्त असेल तर वापरता येते. समजा २००० चौरस फुटांचं घर आहे. चौरस फुटाला ३ व्हीए (व्होल्ट-ॲम्पिअर, साधारण वॅटसारखंच) धरून ६०००, स्वयंपाकघराची दोन सर्किट प्रत्येकी १५०० म्हणजे ३०००, लाँड्रीचे १५००, झाले १०,५००. त्यात शेगडी-ओव्हनचे १२,०००, ड्रायरचे ५०००, गीझरचे ४५००, डिशवॉशरचे १५००, एकूण ३३,५००. यातले पहिले १०,००० पूर्ण धरायचे आणि उरलेल्या २३,५००चे ४० टक्के म्हणजे ९४००, बेरीज १९,४००. एसीचे ५००० वेगळे आणि पूर्ण धरायचे. २४,४०० भागिले २४०, साधारण १०२ ॲम्प.

बघा, यादीतली सगळी उपकरणं नुसती बेरीज केली असती तर १६० ॲम्प झाले असते. कोडनेच मान्य केलंय की घरात सगळं एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालत नाही. ड्रायर चालू असताना ओव्हन आणि गीझर आणि डिशवॉशर सगळं एकदम, असं क्वचित, आणि झालं तरी थोडा वेळ. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण ८३ टक्क्यांच्या मागेही हीच गोष्ट आहे, आणि एकदा ती कळली की नियम कुठे लागतो आणि कुठे नाही हे पाठ करावं लागत नाही.

आता मुख्य नियम. ३१०.१२ काय म्हणतो ते मी माझ्या शब्दात सांगतो. एका कुटुंबाचं घर असेल किंवा दोन-अनेक कुटुंबांच्या इमारतीतलं एक स्वतंत्र घर असेल, पुरवठा सिंगल फेज १२०/२४० व्होल्टचा असेल, आणि रेटिंग १०० ते ४०० ॲम्पच्या दरम्यान असेल, तर त्या घराचा संपूर्ण लोड वाहणाऱ्या सर्व्हिसच्या किंवा फीडरच्या वायरीची ॲम्पॅसिटी (वायर सतत वाहू शकेल तो करंट) रेटिंगच्या ८३ टक्के असली तरी चालेल. यातली प्रत्येक अट वेगळी तपासायची. १०० ते ४००, म्हणजे ६० ॲम्पच्या सबपॅनलला ८३ टक्के लावायचा प्रश्नच येत नाही. सिंगल फेज, म्हणजे तीन फेजचं पॅनल असलेलं मोठं घर बाहेर. फ्लॅटच्या इमारतीत २०८/१२० व्होल्टच्या सिस्टिममधून दोन फेज आणि न्यूट्रल येतो, त्यालाही आता परवानगी आहे, पण तिथे न्यूट्रल बारीक करायची सवलत मिळत नाही कारण त्या न्यूट्रलमधून फेजइतकाच करंट जाऊ शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे दोन शब्द, संपूर्ण लोड. संपूर्ण घर एका वायरीवर असतं तेव्हाच ती वर सांगितलेली गंमत होते की एक उपकरण चालू असताना दुसरं बंद असतं आणि वायरीला श्वास घ्यायला वेळ मिळतो. गॅरेजच्या सबपॅनलवर फक्त गाडीचा चार्जर आणि एक वेल्डिंग मशीन असेल तर तिथे कोण कोणासाठी थांबणार? चार्जर रात्री सहा-सहा तास एकसारखा करंट ओढतो. त्या वायरीला घरातल्या बाकीच्या लोडच्या विविधतेचा काही फायदा नाही, म्हणून तिला सूटही नाही. कोड लिहिणाऱ्यांनी उगाच आडमुठेपणा केलेला नाही, यात पूर्ण तर्क आहे.

८३ टक्के कशाचे, इथेही लोक घसरतात. हिशोबातल्या लोडचे नाही. ब्रेकरच्या, म्हणजे फीडरच्या रेटिंगचे. वरच्या घराचा लोड १०२ आला म्हणून १०२चे ८३ टक्के काढून ८५ ॲम्पची वायर घ्यायची नसते. १०२ला पुढचं स्टँडर्ड माप ११० आहे, ११०चे ८३ टक्के ९१.३, आणि वायरींच्या ॲम्पॅसिटीचा जो तक्ता ३१०.१६ आहे त्याच्या ७५ अंशाच्या कॉलमात ३ नंबर तांबं १०० किंवा १ नंबर ॲल्युमिनियम १००, दोन्ही पुरतात असं वाटतं. पण थांबा, वायरीने हिशोबातला लोडही पेलायचा असतो आणि तो १०२ आहे, १०० ॲम्पची वायर तिथे कमी पडते. अशा काठावरच्या घराला मी सरळ १२५ किंवा १५० धरतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक लोक २००च टाकतात, पुढेमागे चार्जर लागणारच आहे म्हणून, आणि ते शहाणपणाचंच आहे.

२००चं गणित एकदा स्वतः करून बघा म्हणजे फोर-ऑटचं वाक्य कुठून आलं ते कळेल. २०० गुणिले ०.८३ म्हणजे १६६. तक्ता ३१०.१६, ७५ अंश सेल्सिअसचा कॉलम, ॲल्युमिनियम ३/० आहे १५५, कमी पडतं, ४/० आहे १८०, बसतं. तांब्यात १/० आहे १५०, २/० आहे १७५, तर २/०. ३१०.१२च्या तयार तक्त्यातही हेच येतं, १००ला ४ नंबर तांबं किंवा २ नंबर ॲल्युमिनियम, १२५ला २ नंबर किंवा १/०, १५०ला १ नंबर किंवा २/०, २००ला २/० किंवा ४/०, ४००ला ४०० केसीमिल (हजार सर्क्युलर मिल, ४/०च्या पुढच्या जाड वायरींचं माप) तांबं किंवा ६०० केसीमिल ॲल्युमिनियम. तक्ता वेगळी सूट देत नाही, हेच ८३ टक्के कुणीतरी आधीच करून ठेवलेत एवढंच. म्हणूनच ८३ टक्के काढून परत या तयार तक्त्यात त्या आकड्याला शोधायचं नाही, दोनदा सूट घेतल्यासारखं होईल, आणि हे मी ड्रॉइंगमध्ये प्रत्यक्ष पाहिलंय, २००चे १६६ काढले आणि मग तक्त्यात १७५ची ओळ बघून ३/० लिहिलं.

सूट मिळत नसेल तेव्हा काय, ते आता. गॅरेजचं १०० ॲम्पचं सबपॅनल घेऊ, कारण जास्तीत जास्त चुका इथेच होतात. पूर्ण १०० लागणार. ७५ अंशाच्या कॉलमात तांबं ३ नंबर म्हणजे १००, ॲल्युमिनियम १ नंबर म्हणजे १००. दोन्ही बरोबर बसतात. २ नंबर ॲल्युमिनियम ९० आहे. मग लोक म्हणतात २४०.४(बी) मध्ये पुढच्या स्टँडर्ड मापाच्या ब्रेकरवर जायची सूट आहे ना? आहे, ८०० ॲम्पपर्यंत आहे, पण ती वायरीची ॲम्पॅसिटी स्टँडर्ड मापाशी जुळत नसेल तेव्हाच. २४०.६ मधली मापं बघा, ६०, ७०, ८०, ९०, १००, ११०, १२५, १५०, १७५, २००. ९० हे स्वतःच स्टँडर्ड माप आहे, म्हणून २ नंबर ॲल्युमिनियमला ९०चा ब्रेकर, पुढे नाही. ४ नंबर तांबं ८५ आहे, ८५चा ब्रेकर यादीत नाही, म्हणून ९० चालतो. आणि ही सूट घेतली तरी हिशोबातला लोड वायरीच्या खऱ्या ॲम्पॅसिटीच्या आत हवा, ८५च्या वायरीवर ८८चा लोड टाकता येत नाही.

२ नंबर ॲल्युमिनियमवर १००चा ब्रेकर टाकण्याची चूक दोन रस्त्यांनी होते. एक म्हणजे घराच्या तक्त्यातली १००ची ओळ. दुसरा म्हणजे ९० अंशाचा कॉलम, त्यात २ नंबर ॲल्युमिनियम बरोबर १०० दिलंय आणि केबलवर ९० अंश छापलेलंही असतं, मग माणूस म्हणतो माझी वायर तर ९०ची आहे. वायर असेल, पण ब्रेकरचा आणि पॅनलचा स्क्रू ७५चा असतो. ११०.१४(सी) सांगतो की जोडणीचं जे सगळ्यात कमी तापमान असेल त्याप्रमाणे वायर धरायची. १०० ॲम्पपर्यंतच्या सर्किटला खुणेशिवाय तर ६० अंशच धरायचं, पण आजकालच्या बहुतेक ब्रेकरवर ७५ लिहिलेलं असतं, दोन्ही टोकांना लिहिलेलं आहे का ते मात्र बघा, एका टोकाला असून चालत नाही. ९०चा कॉलम वाया जात नाही, तो कुठे वापरायचा ते पुढे येतं.

खरं तर गॅरेजला १००च हवेत का हा प्रश्न आधी विचारा. ४० ॲम्पचा चार्जर कंटिन्युअस, म्हणजे बराच वेळ सलग चालणारा, लोड म्हणून सव्वापट म्हणजे ५०, वर दिवे, प्लग, दाराची मोटर मिळून समजा २५, एकूण ७५. ९०चा ब्रेकर आणि २ नंबर ॲल्युमिनियम आरामात पुरतं आणि कोडमध्येही बसतं. सबपॅनलवर १२५ छापलेलं असलं तरी हरकत नाही, ते पॅनलची कमाल मर्यादा आहे, फीडरचा आकडा ब्रेकर ठरवतो.

केबलचा प्रकारही बघावा लागतो. घराच्या आतून नेहमीची प्लास्टिक कव्हरची घरगुती केबल, एनएम-बी, ओढत असाल तर ३३४.८० प्रमाणे तिला ६० अंशाच्या कॉलमात बघायचं. ३ नंबर तांबं एनएम-बी मध्ये ८५च होतं, २ नंबर ९५ होतं, आणि ९५ला पुढचं माप १००, म्हणजे लोड ९५च्या आत असेल तर चालतं. एसईआर (सर्व्हिस आणि फीडरसाठी वापरतात ती जाड केबल) भिंतीत इन्सुलेशनमधून गेली तर काय, यावर कोडच्या आवृत्त्यांमध्ये फरक पडलाय. जुन्या काही आवृत्त्यांत इन्सुलेशनमध्ये सगळ्याच मापांना ६० अंश लागायचं, अलीकडच्या आवृत्तीत ते १० नंबर आणि त्याहून बारीक वायरींपुरतं ठेवलंय. ६० अंशात ४/० ॲल्युमिनियम १५० होतं, म्हणजे १६६लाही पुरत नाही. म्हणून म्हटलं आवृत्ती आधी विचारा.

आता एक मधली परिस्थिती, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात रंगतदार. बाहेर २०० ॲम्पचं मीटर-मेन (मीटर आणि मेन ब्रेकर एकाच डब्यात) आहे, त्यातच एसीचा आणि चार्जरचा ब्रेकर बसवलाय, आणि तिथून २०० ॲम्पचा फीडर आतल्या पॅनलला जातो. सर्व्हिसवर संपूर्ण लोड आहे, पण फीडरवर नाही, कारण एसी आणि चार्जर बाहेरच वेगळे झाले. शब्दशः वाचलं तर फीडरला ८३ टक्के नाही. मग बाहेरून येणारी ४/० पुरते आणि तिच्यापेक्षा कमी लोड वाहणारी आतली वायर जाड पाहिजे, हे कसं? त्यासाठीच ३१०.१२(सी) आहे, घराच्या फीडरची ॲम्पॅसिटी वर सर्व्हिससाठी किंवा फीडरसाठी सांगितलेल्या आकड्यापेक्षा जास्त असावी अशी सक्ती कधीच नाही. लोड कमी झाला आणि वायर जाड करा असं कोड म्हणत नाही. हे कलम बऱ्याच जणांनी वाचलेलंच नसतं आणि उगाच वाद घालत बसतात, त्यामुळे नंबर लक्षात ठेवा.

आणि मोठं घर, ४०० ॲम्पची सर्व्हिस, दोन पॅनल, दोन फीडर २००-२००चे. इथे कुठलाच फीडर संपूर्ण लोड वाहत नाही, दोघं अर्धा-अर्धा घेतात, म्हणजे ८३ टक्के नाही. वर सांगितलेलं (सी) पण इथे कामाचं नाही, कारण सर्व्हिस ४००ची आहे, फीडर २००चा आहे. पूर्ण २०० म्हणजे तांबं ३/० किंवा ॲल्युमिनियम २५० केसीमिल. तरीही ४/० ॲल्युमिनियम इथे बसू शकतं, वेगळ्या दाराने. ते १८० आहे, १८० स्टँडर्ड माप नाही, पुढचं माप २००, म्हणून २४०.४(बी) प्रमाणे २००चा ब्रेकर चालतो, अट इतकीच की त्या पॅनलचा हिशोबातला लोड १८०च्या आत असला पाहिजे. तांब्याला मात्र हे दार बंद, कारण २/० म्हणजे १७५ आणि १७५ हे स्टँडर्ड माप आहे. एकाच घरात ॲल्युमिनियम पास आणि त्याच्या जोडीचं तांबं नापास, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पटलं नव्हतं, पण दोन तक्ते शेजारी ठेवून बघितल्यावर शंका उरली नाही. ड्रॉइंगवर कारण लिहिताना ३१०.१२ लिहू नका, २४०.४(बी) लिहा, नाहीतर आकडा बरोबर असून कारण चुकलं म्हणून परत येईल.

गरमीचा विचार. तक्त्यातले आकडे ३० अंश सेल्सिअसच्या हवेसाठी आहेत. फीडर पोटमाळ्यातून किंवा ॲरिझोनासारख्या ठिकाणी उन्हात तापणाऱ्या भिंतीवरून जात असेल तर करेक्शन लागतं, आणि करेक्शन लागलं की तयार तक्ता वापरता येत नाही, ८३ टक्क्यांचं गणित स्वतः करावं लागतं. इथे ९० अंशाचा कॉलम कामाला येतो, वायर ९०ची असेल तर कपात तिथून सुरू करायची. ४/० ॲल्युमिनियम ९० अंशात २०५. हवा ४६ ते ५० अंशाची धरली तर गुणक ०.८२, उत्तर १६८, १६६पेक्षा जास्त, बसलं. आता १०० ॲम्पच्या छोट्या घराचं ४ नंबर तांबं घ्या, ९० अंशात ९५, गुणिले ०.८२ म्हणजे ७८, आणि लागतात ८३. नापास, ३ नंबर घ्या. तोच पोटमाळा, तोच नियम, एक वायर टिकली एक पडली, म्हणून अंदाजाने काही लिहू नका. एकाच पाइपमध्ये करंट वाहणाऱ्या तीनपेक्षा जास्त वायरी असतील तरी कपात लागते, दोन फीडर एका पाइपात कोंबायचा विचार असेल तर हे आधी बघा.

लांबीबद्दल थोडक्यात. फीडरमध्ये ३ टक्के आणि एकूण ५ टक्क्यांपर्यंत व्होल्टेज पडणं ठीक, असं कोडमध्ये माहितीची टीप म्हणून आहे, सक्ती नाही, पण चांगलं काम करायचं तर पाळा. सूत्र असं, दोन गुणिले के गुणिले करंट गुणिले फुटांत अंतर, भागिले वायरीच्या छेदाचं क्षेत्रफळ सर्क्युलर मिलमध्ये. के हा धातूच्या रोधाचा आकडा, तांब्याला १२.९, ॲल्युमिनियमला २१.२. १ नंबर ॲल्युमिनियम ८३,६९० सर्क्युलर मिल आहे, ७० ॲम्प आणि १५० फुटांवर ५.३ व्होल्ट पडतात, २४०च्या सव्वादोन टक्के, छान. ३०० फुटांवर दुप्पट, १०.६ व्होल्ट, साडेचार टक्क्यांच्या जवळ, मग निदान २/० तरी लागतं, समजा ३/० घेतलं. आणि इथे एक खाच आहे, फेजची वायर व्होल्टेजसाठी जाड केली की २५०.१२२(बी) प्रमाणे ग्राउंडची वायरही त्याच प्रमाणात जाड करायची. १०० ॲम्पला एरवी ८ नंबर तांबं ग्राउंड पुरतो, पण १ वरून ३/० म्हणजे दुप्पट, त्यामुळे ग्राउंडही दुप्पट, प्रत्यक्षात ४ नंबर. हे विसरलेलं मी किती वेळा पाहिलंय.

ग्राउंडची नेहमीची मापं २५०.१२२ मध्ये ब्रेकरवरून ठरतात, १००ला ८ तांबं किंवा ६ ॲल्युमिनियम, २००ला ६ तांबं किंवा ४ ॲल्युमिनियम. न्यूट्रल २२०.६१ प्रमाणे त्याच्या स्वतःच्या लोडवरून काढतात, २४० व्होल्टच्या गीझरचा न्यूट्रलशी संबंध नसतो म्हणून तो बारीक करता येतो, पण दोन पैसे वाचवायला नवशिक्याने त्यात पडू नये असं माझं मत. गॅरेज घरापासून वेगळं उभं असेल तर तिथे चार वायरी, न्यूट्रल आणि ग्राउंड वेगळे, तिथला स्वतःचा अर्थ रॉड आणि स्वतःचा डिस्कनेक्ट, यातलं काहीच ऐच्छिक नाही.

परमिटच्या कागदावर मी पाच गोष्टी लिहून नेतो आणि तुम्हीही न्या. कोडची आवृत्ती, हिशोबातला लोड, ब्रेकरचं रेटिंग, वायरीचं माप कुठल्या कॉलममधून घेतलं ते, आणि कुठल्या कलमाखाली घेतलं ते, ३१०.१२ की २४०.४(बी) की सरळ १०० टक्के. शेवटच्या रकान्यात काही सुचत नसेल तर केबल विकत घ्यायच्या आधी इन्स्पेक्शन ऑफिसला फोन करा आणि सरळ विचारा, या फीडरवर घराचा संपूर्ण लोड नाही, तुम्ही याला कुठलं कलम लावता? बहुतेक इन्स्पेक्टर नीट उत्तर देतात, आणि त्यांचं उत्तर तुमच्या वाचण्यापेक्षा वेगळं असेल तर त्या गावात त्यांचंच चालतं, तेही कागदावर लिहून ठेवा. आणि पॅनल बंद करायच्या आधी टॉर्क रेंचने लग (वायर पकडणारे स्क्रूचे कनेक्टर) घट्ट करा, पॅनलवर छापलेल्या आकड्याला, हाताच्या अंदाजाने नाही, २०१७ पासून तेही कोडमध्येच आहे आणि ॲल्युमिनियमला तर त्याची जास्तच गरज असते.